माळेवर हात

आमच्या वॉर्डात ‘चार नाही’ हे एका कामाचं नावच पडलं होतं. ड्यूटी संपवून ओव्हर देताना एक सिस्टर दुसरीला विचारायची, "चौदा नंबरचं चार नाही झालं का गं?" आणि दुसरी म्हणायची, "झालं, झालं. सलाईनच्या आधीच उरकलं."

त्याचं असं झालं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या आमच्या हॉस्पिटलात दोन वर्षांपूर्वी एका पेशंटने स्वतःचा जीव घेतला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच, की त्या आठवड्यात आम्ही दहाजणी त्याच्याशी बोललो होतो आणि एकीनेही त्याला विचारलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक फाइलीत एक गुलाबी कागद लागायला लागला. वर लिहिलेलं ‘सुरक्षितता पत्रक’, खाली चार प्रश्न. पहिलाच प्रश्न, ‘आपणास जीवन निरर्थक असल्याची भावना वारंवार जाणवते काय?’ आता शीळफाट्याच्या पलीकडून आलेली, तापाने फणफणलेली म्हातारी याला काय उत्तर देणार? ती म्हणायची, "काय बोललीस बाय तू?" मग आम्ही विचारणंच सोडलं. पेशंट आला की वजन, बीपी, साखर, चार वेळा ‘नाही’वर खूण, खाली सही. एका दमात.

पुढे उर्वी मॅडम आल्या. समुपदेशक. मंगळवार आणि शुक्रवार आमच्याकडे, बाकीचे दिवस आंबिवलीच्या एका दवाखान्यात. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पहिल्याच बैठकीत त्यांनी गुलाबी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"सहाशे बारा पेशंट," त्या म्हणाल्या. "आणि सहाशे बारांत एकालाही कधी मरावंसं वाटलं नाही. ताई, हे हॉस्पिटल आहे की वैकुंठ?"

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

"साधं विचारा," त्या म्हणाल्या. "स्वतःचा जीव घ्यायचा विचार येतो का? असंच, याच शब्दांत. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असला तर त्याला बाहेर यायला वाट मिळते."

पटलं. पण पटणं वेगळं आणि जिभेला वळण लागणं वेगळं. मी जागृती, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर, नोकरीला बावीस वर्षं झालेली. लघवी झाली का, पोट साफ झालं का, हे मी परक्या पुरुषाला भर वॉर्डात विचारते. पण हा एक प्रश्न आला की मी पुढच्या पेशंटकडे वळायचे. त्यातून आमचं घर माळकरी. माहेर ओतूरकडचं, वडील टाळकरी. मला बाराव्या वर्षी माळ घातली ती आजवर गळ्यात आहे. डोंबिवलीत कुठेही कीर्तन असो, ड्यूटीची अदलाबदल करून मी जाऊन बसते. मरण हा शब्द मी हजार वेळा ऐकलाय, पण तो कीर्तनकाराच्या तोंडून, मृदंगाच्या ठेक्यावर, गोड होऊन आलेला.

आणि मग चौदा नंबरला काळुरामबुवा आले.

स्ट्रेचरवरून त्यांना पलंगावर घेतलं तेव्हा मी ओळखलंच नाही. एकसष्ट वर्षांचा आगरी माणूस, पांढरी दाढी, डावी बाजू लुळी. लकवा. वाचा शाबूत होती, ती एक देवाची कृपा. माझ्या कॉलरमधून माळ दिसली तसं ते तेवढ्यातही म्हणाले, "माउली, तुमी माळकरी?" त्या आवाजावरून मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, हा माणूस मृदंगावर होता. महाराजांनी चाल उचलली आणि बुवांनी धुमेवर, मृदंगाच्या डाव्या तोंडावर, असा हात टाकला की मांडवात बसलेल्या बायांच्या अंगावर काटा आला. आमच्या शेजारची एकजण म्हणाली होती, "आज देव स्वतः वाजवतोय गं."

त्या माणसाला मी काय विचारणार? जीव द्यावासा वाटतो का म्हणून? मला ते देवळात चप्पल घालून जाण्यासारखं वाटलं. मी गुलाबी कागद घेतला आणि न विचारता चार वेळा खूण केली. सही केली. नाही, नाही, नाही, नाही.

पुढचे अकरा दिवस बुवा आमच्या वॉर्डाचे लाडके झाले. उजव्या हाताची बोटं पलंगाच्या दांडीवर चालायची, डावा हात उशीवर कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा पडलेला. पहिल्या आठवड्यात ते फार खचले होते. "शाईवर बोटा चालतात अजून," मला म्हणाले, "पन धूमच गेली माउली. नुसत्या शाईचा काय वाजवायचा? पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजल." जेवण परत जायचं. फिजिओवाला आला की भिंतीकडे तोंड.

मग आठव्या दिवसापासून चेहरा बदलला. जेवायला लागले. मावशींची चेष्टा करायला लागले. मुलाला, दिपेशला, सांगून स्वतःचा मृदंग गावच्या भजनी मंडळाला देऊन टाकला. बायकोला, आवडाबाईला, म्हणाले, "माझ्या मागं कुनाशी भांडू नको." मला म्हणाले, "आता ओढ लागली माउली. बोलावना आला, की निघाचा."

मी भारावून गेले. चहाच्या वेळी बाकीच्या पोरींना सांगितलं, "बघा, याला म्हणतात वैराग्य. आपण साडीच्या पिकोसाठी टेलरशी भांडतो, आणि या माणसाने चाळीस वर्षांचा मृदंग देऊन टाकला. चेहऱ्यावर बघा किती शांती आहे." कल्पिता नावाची नवीन सिस्टर होती, ती म्हणाली, "ताई, एकदम कसे काय शांत झाले पण?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते. त्यासाठी कीर्तन ऐकावं लागतं."

हे वाक्य मी बोलले. ते मला रोज आठवतं.

गुरुवारी त्यांची सुट्टी ठरली होती. मी सकाळची ड्यूटी घेतली, ओव्हर घेतलं, आणि पावणेनऊला चौदा नंबरपाशी गेले. आवडाबाई खाली चहाला गेलेली. बुवांनी विचारलं, "सुट्टी आजच ना? नक्की?"

"नक्की. राउंड झाला की कागद होतील. बारापर्यंत तुम्ही घरी."

"बरा झाला." मग त्यांनी मला पडदा ओढायला सांगितला. मला वाटलं भांडं हवं असेल. पडदा ओढून वळले तर त्यांच्या उजव्या हातात त्यांची माळ होती. गळा मोकळा.

"अहो, माळ तुटली का?"

"नाय तुटली. एक सांगतंय तुमाला. तुमी माळकरी म्हनून सांगतंय, दुसऱ्या कुनाला नाय. पन हीच्यावर हात ठेवा आनि बोला, कुनाला सांगनार नाय."

आता इथे थांबून विचार करायला हवा होता. उर्वी मॅडमनी शिकवलं होतं, "गुपित ठेवीन असं वचन कधीही द्यायचं नाही. ऐकून घेईन म्हणा, पण गरज पडली तर सांगेन असंही म्हणा." मी वहीत उतरवून घेतलं होतं. पण समोर वही नव्हती, समोर तुळशीची माळ होती, मण्यांना घामाचा आणि गंधाचा वास, आणि ती धरणारा हात मृदंगावरचा होता. मला वाटलं, सुनेची कुरबुर असेल, नाहीतर मुलाची. अशा हाताने पुढे केलेल्या माळेला नाही कसं म्हणायचं? मी हात ठेवला.

"पांडुरंगाची शपथ, कुणाला सांगणार नाही."

"मी घरी जाऊन ऱ्हानार नाय माउली." ते अगदी हळू, जेवलात का विचारावं तसं म्हणाले. "सुट्टीची वाट बघत होतो. गल्यात माळ ठेवून ते करू नये, म्हनून काढली. तुमी तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. घरच्यांनी ठेवली तं त्यांना नंतर त्रास होईल."

मग माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "बुवा, तुम्ही स्वतःचा जीव घ्यायचं ठरवलंय का?"

"हो."

एवढंच. कुणी आधी विचारलं असतं तर तेव्हाही ते ‘हो’च म्हणाले असते, हे मला त्या क्षणी दिसलं. पुढे काय ठरवलंय, कधी, तेही मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. सगळं ठरलेलं होतं. ती शांती वैराग्याची नव्हती. वाट सापडलेल्या माणसाची होती.

"बुवा, असं नका करू. हात येईल हळूहळू, डॉक्टर म्हणालेत..."

"माळेवर हात ठेवलाव तुमी." आणि त्यांनी ती माळ माझ्या मुठीत दिली, वरून स्वतःची बोटं मिटली. "आता तुमी बांधलेल्या."

मी खरंच बांधले गेले. पडद्याबाहेर आले तेव्हा माळ एप्रनच्या खिशात होती आणि तिचं वजन पायलीभर धान्याएवढं लागत होतं. नऊ वाजून पाच मिनिटं. बारा वाजता तो माणूस त्या दारातून बाहेर जाणार, आणि त्याला जाऊ द्यायच्या कागदावर पहिली सही माझी.

शपथ मोडली तर? वचन पाळण्यासाठी राज्यं सोडणाऱ्या राजांची आख्यानं ऐकत मी मोठी झाले. त्या कथांत कुठेही, एकाही कीर्तनकाराने, वचन मोडणाऱ्याला आरती ओवाळलेली नाही. आणि न मोडली तर? तर उद्या किंवा परवा कुणाचा तरी फोन येणार, आणि मी म्हणणार, अगं बाई, किती शांत होते शेवटी. शिवाय, खोटं का बोलू, तिसरीही भीती होती. गुलाबी कागदावर चार नाही मी केले होते. न विचारता. सांगितलं की तेही निघणार.

राउंडला डॉक्टर हर्षित आले. बुवांनी त्यांना उजवा हात जोडला, म्हणाले, "डॉक्टर, तुमी लय केलात." डॉक्टर खूश. "काका, फिजिओ सोडायचा नाही हां," म्हणाले आणि फाइल माझ्याकडे दिली. "सिस्टर, लवकर करा. कॅज्युअल्टीत एकजण सकाळपासून खुर्चीवर बसवलाय, मला हा बेड पाहिजे."

"हो सर," मी म्हटलं. ‘सर’ म्हणेपर्यंत तोंड उघडं होतं. पुढचं वाक्य तिथेच होतं. बाहेर आलं नाही.

मग मी पळवाटा शोधायला लागले. शपथ अशी की कुणाला सांगायचं नाही. पण सूचना द्यायची नाही असं कुठे म्हटलंय? दिपेश औषधं घेऊन वर आला, तिशीतला उंच मुलगा, गाडीची किल्ली बोटात फिरवत. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, घरी लक्ष ठेवा हां बाबांकडे. एकटं नका सोडू."

"सिस्टर, आमच्या घरात नऊ मानसं हायेत आनि दोन कुत्रे," तो हसला. "एकटा बसाचा म्हटला तं त्याला संडासात जावा लागल."

"तसं नाही. मनाने जरा..."

"मनाने तो तुमच्या-आमच्यापेक्षा घट्ट हाय. गावाला भजन शिकवलाय त्याने." आणि किल्ली फिरवत गाडी पुढे लावायला गेला.

बीपी जास्त दाखवू का? उद्यावर ढकलू? पण मग उद्या काय? वॉर्डाची खिडकी जाळीची, बाहेर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांची रांग. मी त्या जाळीपाशी उभी राहून एका कागदावर काहीबाही लिहीत होते. अकरा वाजले. डिस्चार्जचा गुलाबी कागद पुढ्यात होता. निघताना पुन्हा तेच चार प्रश्न, पुन्हा सही. पेन उचललं आणि खाली ठेवलं. देवाला म्हटलं, तूच सांग. देव काही बोलला नाही. कीर्तनात तो फार बोलतो, वॉर्डात आम्हालाच बोलावं लागतं.

स्टाफरूममध्ये जाऊन मी उर्वी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. असंच. कुणी शपथ घालून काही सांगितलं, तर?"

"कोण आहे, ताई?"

"कोणी नाही. असंच."

त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "बरं, नाव नका सांगू. दोनच गोष्टी सांगा. तो माणूस आत्ता जिवंत आहे ना?"

"हो."

"त्याच्याजवळ आत्ता कोण बसलंय?"

मी दोन तास माझी शपथ सांभाळत होते. बुवांजवळ कोण बसलंय, हे मला माहीत नव्हतं.

फोन तसाच चालू ठेवून मी धावले. चौदा नंबरचा पडदा ओढलेला. ओढलेला पडदा मी बावीस वर्षं रोज पाहतेय, पण त्या पाच पावलांत मी काय काय पाहिलं ते माझं मला ठाऊक. पडदा सारला. आत आवडाबाई त्यांना घरी न्यायला नवा पांढरा सदरा घालत होती. उजवी बाही चढली होती. डावा हात बाहीत जाईना. ती बोटं धरून आत ढकलायची, कोपर अडायचं, हात पुन्हा मांडीवर पडायचा. बुवा समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले.

"आवडाबाई, बुवांनी मला सकाळी एक सांगितलं. माळेवर शपथ घ्यायला लावून सांगितलं. ती शपथ मी आता मोडतेय. तुमच्या पाठीमागे नाही बुवा, तुमच्यासमोर मोडतेय."

"माउली!" ते ओरडले. इतका मोठा आवाज त्या छातीत उरलाय हे मला माहीत नव्हतं. बाजूच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. "तोंड बंद करा! माळेवर हात ठेवलाव!"

"ठेवला होता. पाप माझं." आणि मी आवडाबाईला सांगितलं. घरी गेल्यावर यांनी स्वतःचा जीव घ्यायचं ठरवलंय, अशा साध्या शब्दांत.

मला वाटलं ती किंचाळेल, छाती पिटेल, निदान मला शिव्या तरी देईल. ती तशीच उभी राहिली, नवऱ्याचा मेलेला हात दोन्ही हातांत धरून. मग हळूहळू खाली बसली, पलंगाच्या कडेला.

"मना बी घातलीन शपथ, बाय," ती म्हणाली. "मंगळवारी. नातवाच्या डोक्यावर हात ठेवाया लावलान. दोन दिस झाले, माझ्या नरड्याखाली पानी उतरत नाय. इथं दहा वेळा तू आलीस, गोली दिलीस, गेलीस. मी बोलत होते मनात, ईचार गं बाय, ईचार. तू ईचारलास तं मी नाय बोलले तरी तुला कलला असता."

मंगळवारी. म्हणजे मंगळवारपासून एकाच पडद्याच्या आत-बाहेर आम्ही फिरत होतो. एका बाईच्या गळ्यात नातवाची शपथ, आणि दुसरी चहा पिताना त्या माणसाच्या वैराग्याचं कौतुक सांगतेय. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. आमच्या कागदावर नातेवाइकांसाठी प्रश्नच नव्हता.

खिशातल्या फोनमधून उर्वी मॅडमचा आवाज येत होता. "ताई? ताई, त्यांच्याजवळून हलू नका. मी निघते."

पुढचं सगळं फार पटापट झालं आणि कशातच शोभा नव्हती. डॉक्टर हर्षितना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला शब्द ‘बेड’ असा होता. दुसरा शब्द तोंडातच राहिला, ते खुर्ची ओढून बुवांच्या शेजारी बसले, आणि डिस्चार्जचा कागद त्यांनी स्वतः फाडला. दिपेश वर आला, ऐकलं, आणि माझ्यावर धावून आला.

"माझ्या बापाला वेडा ठरवताव काय तुमी? गावात काय सांगू मी? माळकरी मानूस हाय तो!"

"म्हणूनच माळ काढली त्यांनी," मी म्हटलं आणि खिशातून काढून दाखवली.

त्याने ती ओळखली. जन्मापासून बापाच्या गळ्यात बघितलेली. किल्ली त्याच्या हातातून पडली, आणि तो उंच पोरगा तिथेच कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला.

उर्वी मॅडम दीड वाजता पोहोचल्या. त्या बुवांशी दीड तास बोलल्या. म्हणजे बुवा गप्प आणि त्याही गप्प, मधूनमधून एखादं वाक्य. संध्याकाळी मानसोपचाराचे डॉक्टर आले, औषध सुरू झालं. पलंग आमच्या टेबलासमोर आणला. आसपासच्या ज्या वस्तू काढायच्या त्या काढल्या. घरातून काय काय हलवायचं ते दिपेशला एकेक करून सांगितलं आणि तो जाऊन हलवून आला. रात्रंदिवस कुणीतरी शेजारी खुर्चीवर. बुवा उठून बसले तरी दोन डोळे त्यांच्यावर.

"कोंडलात मना," ते मला म्हणाले. तेवढं एकच वाक्य, आणि पुढचे नऊ दिवस माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. कल्पिताकडून घ्यायचे. मी आले की तोंड भिंतीकडे. फिजिओवाल्याकडे पाठ करायचे, तशीच. माळ मी आवडाबाईकडे दिली. तिने विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली, घालू दिली नाही.

मी मेट्रनना लिहून दिलं, की दाखल करतानाचा कागद मी न विचारता भरला. मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. पण त्या पत्राबरोबर आणखी सहाजणींची पत्रं गेली, आम्हीही असंच करतो म्हणून. मग उर्वी मॅडमनी आम्हाला बसवून तो कागद बदलला. प्रश्न बोलण्यातल्या भाषेत आले. आमच्या पोरीच ते बोलून बोलून ठरवत होत्या, "असं नको, असं विचारलं तर माझी आत्या उत्तर देईल." नातेवाइकाला वेगळं घेऊन विचारायचं ठरलं. आणि एक प्रश्न मी घालायला लावला, जो दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असेल की नाही मला माहीत नाही. ‘तुम्हाला कुणी शपथ घालून काही सांगितलंय का? काय सांगितलं ते नंतर. शपथ घातलीय का, एवढंच सांगा.’ पहिल्या महिन्यात दोन बाया हा प्रश्न ऐकून रडायला लागल्या.

एकादशीला मी कीर्तनाला गेले. मागे, चपलांपाशी बसले. संपल्यावर महाराजांना गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, बाई, तू पुण्यच केलंस. ते बराच वेळ उपरण्याचं टोक चोळत राहिले. मग म्हणाले, "शपथ मोडली ती मोडलीच. ती काही जुळायची नाही. पण मीसुद्धा मरणाबद्दल किती गोड बोलतो, नाही? समोर कोण बसलंय ते न बघता." आणि उठून गेले. त्या दिवशी देवाला मी एवढंच म्हटलं, माझ्यावर रुसायचं तर रुस, त्या माणसाला ठेव.

बुवांना दहाव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना आवडाबाईच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर उर्वी मॅडमचा नंबर, वॉर्डाचा नंबर, आणि सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. पहिला महिना एक दिवसाआड फोन करायचा असं ठरलं, आणि तो मीच करायचा असं मी ठरवलं. फोन आवडाबाई उचलायची. जेवले का, झोपले का, औषध घेतलं का, जवळ कोण आहे. मागून बुवांचा आवाज यायचा, "ती असल तं सांग, मेलो नाय अजून. लिहून घे म्हनाव." मी लिहून घ्यायचे. त्या वाक्याच्या आधारावर माझे दोन दिवस निघायचे. पण ती फोन उचलेपर्यंतच्या चार-पाच घंटा, त्या आजही मोजवत नाहीत.

अकराव्या फोनला त्यांनी स्वतः उचलला. आवडाबाई मासळी साफ करत होती म्हणे. मी गडबडले. नमस्कारसुद्धा सुचला नाही. सरळ प्रश्नच निघाला.

"बुवा, आज जीव घ्यायचा विचार आला का?"

पलीकडे टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती. त्यातली बाई रडून संपली, जाहिरात लागली.

"सकाळी आल्ता," ते म्हणाले. "आवडीला सांगितला. ती बाजूला बसली. मग दिपेश बसला."

"आत्ता?"

"आत्ता नाय."

मी फोनची वही पुढे ओढली. बोलले असते तर रडले असते, आणि ते त्यांना आवडलं नसतं.

"मी तुमाला माफ केला नाय," ते म्हणाले.

"बरं."

"परवा करनार ना फोन?"

"करते. साडेतीनला?"

"दुपारी नको. दुपारी तो फिजिओवाला येतो. हात वर कराया लावतो, आनि माझ्या शिव्या खातो. सकाळी करा."

आणि फोन ठेवून दिला. मी परवाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, सकाळी.